वाट्या हजार, लापशी तीच
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी सांग, पण सगळ्यांना कळेल असं सांग,’ अशी संयोजकांची अट आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे अटीचा दुसरा भाग जड जाणार. म्हणून आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात घुसलेला विषय निवडला आहे : व्हिडिओ गेम.

सकाळपासून चहाच्या टेबलाशी दोन तक्रारी ऐकल्या. एक, ‘आमचा मुलगा दोन वर्षं एकच गेम खेळतोय, कंटाळत कसा नाही?’ दुसरी, ‘एवढे पैसे घालून नवा गेम घेतला, आणि आठ दिवसांत मुलगी म्हणते, सगळं सारखंच आहे.’ दोन्हींचं उत्तर एकच आहे. गेममध्ये किती गोष्टी भरल्यात हे खेळणारा मोजत नाही. त्या गोष्टींमुळे त्याला किती वेगवेगळे निर्णय घ्यावे लागतात, त्यावर त्याला तो वैविध्यपूर्ण वाटतो की एकसुरी, हे ठरतं.

सापशिडी घ्या. फासा दर वेळी वेगळा पडतो, कोणतेही दोन डाव सहसा सारखे होत नाहीत. तरी पाच-सहा डावांनंतर मोठी माणसं जांभया देतात, कारण ठरवायचं काहीच नसतं. आता आपल्या मैदानावरचा खो-खो आठवा. मैदान तेच, दोन खांब तेच, आठ जण बसलेले. पळणाऱ्याला बसलेल्यांच्या मधून आरपार जाता येतं, पाठलाग करणाऱ्याला येत नाही. शिवाय पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की मागे वळायची सोय नाही, खो द्यावा लागतो. एवढ्या दोन-तीन नियमांवर आपण शाळेची सगळी वर्षं काढली आणि कंटाळलो नाही.

हीच गोष्ट पडद्यावर पाहायची असेल तर ‘पॅक-मॅन’ पाहा. १९८०मध्ये जपानच्या तोरू इवातानी यांनी तो घडवला. त्यातला भुलभुलैया शेवटपर्यंत एकच. पाठीमागे लागणारी भुतं फक्त चार, पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा. लाल भूत तुम्ही असाल तिथे येतं. गुलाबी भूत तुमचं तोंड ज्या दिशेला आहे तिकडे चार घरं पुढचा नेम धरतं. निळं भूत तुमची आणि लाल भुताची जागा मिळून हिशेब करतं. नारिंगी लांबून पाठलाग करतं आणि आठ घरांच्या आत आलं की आपल्या कोपऱ्याकडे निघून जातं. चार छोटे नियम, पण चौघं एकत्र आली की त्याच गल्लीत दर वेळी नवा पेच पडतो. चौघांना फक्त रंग वेगळे दिले असते, तर ते एकच भूत चार वेळा झालं असतं.

आता उलटं टोक. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, मग दोन, मग चार, अशी दुप्पट करत जायची गोष्ट आपण गणिताच्या तासाला ऐकली आहे. सगळ्या दाण्यांची बेरीज २चा ६४वा घात, वजा एक. साधारण तेवढेच ग्रह एका गेममध्ये आहेत. इंग्लंडमधल्या ‘हॅलो गेम्स’ या छोट्या कंपनीने २०१६मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ आणला, त्यात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ ग्रह. अर्थातच ते कोणी बसून काढलेले नाहीत. सूत्रात एक आकडा घातला की त्यातून डोंगर, झाडं, प्राणी तयार होतात. तंत्र म्हणून मी आजही त्याला सलाम करते. पण अनेक खेळाडू काही दिवसांतच वैतागले. आकाश जांभळं असो की हिरवं, उतरायचं, खनिज गोळा करायचं, पुढे जायचं, हेच काम.

केट कॉम्प्टन या गेम-अभ्यासक इंजिनिअरने या दुखण्याला छान उपमा दिली आहे. ओटमील, म्हणजे ओटच्या लापशीच्या, दहा हजार वाट्या भरा. प्रत्येक वाटीतला प्रत्येक दाणा वेगळ्या जागी आहे, त्यामुळे गणिताने प्रत्येक वाटी अद्वितीय. खाणाऱ्याला मात्र दिसते ती भरपूर लापशी. संगणकाला दिसणारा फरक आणि माणसाला जाणवणारा फरक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे जुन्या लोकांनी आधीच ओळखलं होतं. १९८४मध्ये इंग्लंडमध्येच ‘एलिट’ नावाचा अंतराळातल्या व्यापाराचा गेम आला. तो फक्त ३२ किलोबाइट मेमरीच्या संगणकावर चालायचा. त्याच्या सूत्रातून २८१ लाख कोटी आकाशगंगा निघू शकत होत्या. प्रकाशकांना वाटलं, एवढा आकडा सांगितला तर सगळं एकाच साच्यातून काढलंय हे उघडं पडेल. म्हणून गेममध्ये आठच आकाशगंगा ठेवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. आणि ‘नो मॅन्स स्काय’वाल्यांनीही पुढे अनेक वर्षं विनामूल्य सुधारणा दिल्या. घरं बांधणं, मोठी जहाजं, इतर खेळाडूंची सोबत असं करण्याजोगं काम वाढत गेलं, तसे रागावलेले लोकही परत आले.

अजून एक गैरसमज : नशिबावर सोडलं की विविधता आपोआप येते. ‘टेट्रिस’मध्ये सात आकारांचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यासाठी स्वतंत्र सोडत काढली, तर सलग वीस तुकड्यांत एकदाही लांब पट्टी न येण्याची शक्यता सुमारे साडेचार टक्के असते. खेळणारा म्हणतो, हा गेम माझ्यावर खुन्नस काढतोय. म्हणून गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक अधिकृत टेट्रिसमध्ये आपल्या हाऊजीसारखी पद्धत आहे. सातही तुकडे पिशवीत घालायचे, एकेक काढायचा, काढलेला परत टाकायचा नाही, पिशवी संपली की पुन्हा भरायची. आता दोन पट्ट्यांमध्ये जास्तीत जास्त बारा तुकडे येऊ शकतात. नशीब थोडं आवळलं, आणि खेळणाऱ्याला आखणी करता येऊ लागली.

मग चित्रांना, कथेला किंमत नाही का? आहे. २०२०मध्ये पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी’ आणला. भावाला शोधायला निघालेली मुलगी आणि भारतीय पुराणकथांचं जग. असं जग व्हिडिओ गेममध्ये क्वचित दिसतं, आणि आपल्या मुलांनी ते पाहणं मला महत्त्वाचं वाटतं. पण डोळ्यांची हौस लवकर फिटते, पुढे हातांना आणि डोक्याला काम लागतं.

हे सगळं इथे सांगण्याचं कारण आपल्या खिशाशी आणि मुलांच्या वेळाशी आहे. नवे निर्णय तयार करणं कठीण आणि खर्चिक. नवा रंग, नवा पोशाख तयार करणं स्वस्त, आणि तो विकता येतो. त्याहून पुढची पायरी म्हणजे आत काय आहे ते न सांगता पैसे घेऊन उघडायची पेटी. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८मध्ये अशा काही पेट्यांना जुगारच ठरवलं. इथे खेळ तसाच राहतो, फक्त बक्षीस बदलत राहतं.

म्हणून ‘बंद कर तो मोबाइल’ म्हणण्याआधी मुलांना एक प्रश्न विचारा : ‘या नव्या लेव्हलला तुला काय वेगळं करावं लागलं?’ उत्तर लांबलचक आलं, हातवारे करून आलं, तर जरा टेकून ऐका. त्यात विचार आहे. उत्तर ‘काही नाही, नवा ड्रेस मिळाला’ असं आलं, तर पाकीट खिशातच राहू द्या. किती वेळ खेळायचं हा निर्णय तरीही घरातल्या मोठ्यांचाच. पण कशावर रागवायचं आणि कशाचं कौतुक करायचं, एवढं तरी या प्रश्नाने कळतं.

बाकीच्या शंका जेवताना विचारा. उत्तरं देईन, पण श्रीखंड वाढून झाल्यावर.