गुलाबाचे नाव



बागेतील गुलाबाचे नाव विचारले तर पुष्कळ जण ‘लाल’ किंवा ‘पिवळा’ असे उत्तर देतात. हे नाव नव्हे, हा रंग झाला. आणि रंगासारखा लबाड साक्षीदार दुसरा नाही. माघात जे फूल टपोरे व गडद असते, तेच या वैशाखात लहान आणि फिके येते.

गुलाबाची जात म्हणजे खरे पाहता एकच झाड होय. बी पेरले तर पोर आईबापांवर जाईलच असे नाही, म्हणून माळी खुंटावर डोळा भरतो. फ्रान्समधील फ्रान्सिस मेयाँ यांनी निर्माण केलेला ‘पीस’ जगभर पसरला. त्याचे प्रत्येक झाड पहिल्या रोपाचाच अंश. पण नावे किती! फ्रान्समध्ये ‘मादाम आ. मेयाँ’, जर्मनीत ‘ग्लोरिया दाय’, इटलीत ‘जोया’, आणि १९४५ साली अमेरिकेत ‘पीस’. मूल एक, बारशी चार! असा घोळ निस्तरावा म्हणून गुलाबांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंदणी १९५५ पासून अमेरिकन रोझ सोसायटीकडे आहे.

आपल्या बागेतला घोळ मात्र आपणच निस्तरावयाचा असतो. ‘आमचा गुलाब बदलला हो’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुधा घडलेले असते ते असे: भरलेला डोळा मरतो, खालून ‘एडवर्ड’चा किंवा दुसरा खुंट फुटून वर येतो, आणि पाटी मात्र जुनीच राहते! क्वचित फांदी खरोखरच बदलते. १९६२ चा ‘शिकागो पीस’ हा ‘पीस’च्या अशाच बदललेल्या फांदीतून आला. पण आधी झाडाच्या बुंध्याशी वाकून पाहावे.

ओळख पटवावयाची ती सबंध झाडावरून. काटे सरळ की वाकडे, दाट की विरळ. पानात पर्णिका पाच की सात. पान चकचकीत की मंद. देठाच्या बुडाशी चिकटलेली उपपर्णे जरूर पाहावीत. त्यांची कड झालरीसारखी कातरलेली असेल तर मल्टिफ्लोरा गुलाबाचे रक्त आहे असे समजण्यास हरकत नाही. पाकळ्या एकाच फुलाच्या मोजून भागत नाही, चारपाच फुलांच्या मोजाव्यात. वास सकाळी घ्यावा. हे सारे हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा टिपावे.

इतके करूनही नाव सापडले नाही तर? अंदाजाने नाव ठोकून देऊ नये. चुकीच्या पाटीवर विसंबून शेजारी डोळे नेतो, त्याच्याकडून तिसरा नेतो, आणि पाचसहा वर्षांत एक खोटे नाव गावभर होते. बर्म्युडा बेटावरील लोकांची रीत मला फार आवडते. ओळख हरवलेल्या जुन्या गुलाबांना ते ज्या ठिकाणी झाड सापडले त्याचे, नाहीतर ज्याच्या बागेत सापडले त्याचे नाव देतात. ‘स्मिथ्स पॅरिश’ हा असाच एक. आपणही वहीत ‘विहिरीकाठचा गुलाबी’ असे खुशाल लिहावे. त्याखाली कलम कोणाकडून, कोणत्या साली आले तेही लिहावे. ते सांगणारी म्हातारी माणसे घरात आहेत तोवर विचारून घ्यावे. या दिवसांत झाडाला फूल नसले तरी एवढे काम होण्यासारखे आहे.