पुरुषाचे बीज आणि शेतातले विष



मूल झाले नाही की आपल्याकडे बोट जाते ते सुनेकडे. वैद्य तिच्यासाठी, नवस तिचे, उपास तिचे. आणि नवरोबा मात्र ओटीवर पान जुळवीत बसलेले! आज मी बोलणार आहे ते या नवरोबांविषयी.

कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप नावाचे गाव आहे. तेथील एका कारखान्यात डीबीसीपी हे औषध तयार होत असे. पिकांच्या मुळांना लागणारे सूत्रकृमी मारण्यासाठी ते जमिनीत घालीत. १९७७ साली कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून एक गोष्ट पुढे आली, की आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी पाळणा हलतो आहे. हे प्रथम ध्यानात आले ते डॉक्टरांच्या नव्हे, मालकांच्याही नव्हे. ज्यांची घरे रिकामी होती त्यांच्या. तपासणी झाली. नसबंदी न केलेल्या २५ पुरुषांपैकी ११ जणांच्या वीर्यात शुक्रजंतू नव्हतेच, किंवा नगण्य होते. हे सारे वर्षानुवर्षे त्या कामावर राबलेले. ज्यांची संख्या चांगली भरली, ते नवखे. आणि या द्रव्याने उंदरांची वृषणे आक्रसतात, हे तर १९६१ सालीच छापून आले होते! कामगारांपर्यंत ते पोचायला सोळा वर्षे लागली.

काही जण पुढे बरे झाले, काही झाले नाहीत. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. विषाने उभे पीक जळले, तर नवे येते. बियाणेच, म्हणजे वृषणातील मूळ पेशीच जळाल्या, तर काही उगवत नाही.

कारखान्याबाहेरचे चित्र इतके स्वच्छ नाही. १९९२ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी ६१ निबंधांतील आकडे एकत्र केले. १९४० साली दर मिलिलिटरला सरासरी ११ कोटी ३० लाख असलेले शुक्रजंतू १९९० पर्यंत ६ कोटी ६० लाखांवर आल्याचे त्यांना दिसले. १९७३ ते २०१८ या काळातील घट जवळजवळ निम्मी, असे लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली मांडले. मोजण्याच्या रीती बदलल्या, नमुना देणारे पुरुष सर्वांचे प्रतिनिधी नव्हेत, असे आक्षेप आहेत, आणि ते मला वजनदार वाटतात. पण म्हणून आकडे केराच्या टोपलीत टाकता येत नाहीत. प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट द्रव्ये गाभण उंदरिणीला दिली, तर नर पिलांची जननेंद्रिये नीट घडत नाहीत, हे प्रयोगांत दिसले आहे. माणसात मात्र लठ्ठपणा आहे, तंबाखू आहे. एकट्या प्लॅस्टिकवर सारा भार घालणे घाईचे होईल. डीबीसीपीचा गुन्हा शाबीत आहे, थॅलेटांवर संशय आहे.

त्या शाबीत गुन्हेगाराचे पुढे काय झाले? अमेरिकेत १९७९ साली त्याचे बहुतेक उपयोग बंद झाले; हवाईतल्या अननसाला तेवढी १९८५ पर्यंत सूट. पण मध्य अमेरिकेतील केळीच्या बागांत ते १९७७ नंतरही जात राहिले. कोस्टा रिका आणि निकाराग्वा येथील हजारो मजुरांनी आपल्या वंध्यत्वाबद्दल अमेरिकन कंपन्यांवर दावे लावले. ते दशकानुदशके चालले, आणि कित्येक वर्षे तर खटला कोणत्या देशात चालवायचा याच वादात गेली.