लांब डिकीची जुनी गाडी

श्रोतेहो, ‘स्टेशन वॅगन’ हा प्रकार आपल्याकडे कधी रुजलाच नाही. टाटांनी 1992 मध्ये ‘इस्टेट’ काढली, 2004 मध्ये ‘इंडिगो मरिना’ आणली. मारुतीची ‘अल्टुरा’ होती, स्कोडाची ‘ऑक्टाव्हिया कॉम्बी’ होती. गाड्या वाईट नव्हत्या. पण छपरापासून सरळ मागे गेलेली गाडी पाहिली की आपल्या लोकांना शववाहिका आठवायची! आता त्यातल्या बहुतेकांची पंधरा वर्षं कधीच भरली आहेत आणि सुटे भाग शोधत हिंडावं लागतं. तेव्हा हौस असेल तरच त्या वाटेला जावं.

मात्र लांब डिकीची गरज काही संपलेली नाही. माझ्या थोरल्या बहिणीचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि घरात चाकाची खुर्ची आली. घडी घातली तरी ती साध्या गाडीच्या डिकीत आडवी-तिडवी कोंबावी लागते, मग पिशव्या मांडीवर. भाच्याने ठेव मोडून पाच लाख रुपये उभे केले आणि मला फोन केला, ‘‘मामा, तुम्ही एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलीत. आईसाठी गाडी तुम्हीच बघून द्या.’’ मी म्हटलं, अरे, मी बसगाड्या उघडल्या आहेत, मोटारी नाहीत. पण इंजिन ते इंजिनच.

आपल्याकडे आज इस्टेटचं काम सात आसनी गाडीच करते. शेवटची रांग पाडायची की झाली स्टेशन वॅगन. भाच्याच्या मनात इनोव्हा होती. गाडी दणकट, यात वाद नाही. पण पाच लाखांत मिळते ती फार चाललेली, आणि त्यातल्या कितीतरी आधी टॅक्सी होत्या. ईको स्वस्त, जागा भरपूर, सरकता दरवाजाही सोयीचा. पण तिचे धक्के खुब्याच्या दुखण्याला सोसवणारे नव्हेत. राहिली 2012 मध्ये आलेली अर्टिगा. तीत डिझेल की पेट्रोल? महिन्याला पाचशे किलोमीटर धावणाऱ्या घराने जुनं डिझेल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इंधनात वाचलेले पैसे टर्बो किंवा इंजेक्टरच्या एका दुरुस्तीत जातात. सीएनजीची टाकी तर डिकीतच बसते. मग खुर्ची ठेवायची कुठे?

एवढं बोलणं झालं आणि चार दिवसांनी भाच्याचा पुन्हा फोन. ‘‘मामा, गाडी मिळाली. 2016 ची, डिझेल, चार लाख दहा हजार. वीस हजार विसार दिलाय.’’ मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एस.टी. धरली.

गाडी पांढरीशुभ्र, आत अत्तराचा घमघमाट. श्रोतेहो, जुन्या गाडीत एवढा सुवास आला की माझं नाक उलट जास्त सावध होतं. काटा एकसष्ट हजार किलोमीटर दाखवत होता. क्लचच्या पेडलचं रबर मात्र गुळगुळीत. टायर पाहिले. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. इथे चारही टायर 2022 चे. आता एकसष्ट हजारांत एकदा टायर बदलणं समजू शकतं. पण दोन दारांच्या काचांवरचं सालही गाडीच्या सालाशी जुळेना.

मग मी मधल्या सीटचा पट्टा धरला आणि ओढत राहिलो, अगदी शेवटपर्यंत. आपण पट्टा लावतो तेव्हा तो निम्माच बाहेर येतो, उरलेला खांबाच्या आत गुंडाळलेला असतो. गाडी धुणारा तिथपर्यंत जात नाही. शेवटची वीतभर पट्टी मातकट निघाली, बोटाला बारीक गाळ लागला. स्टेपनीच्या खोबणीत कोपऱ्याला तोच गाळ, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले. पासिंग रत्नागिरीचं. तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, चांगल्या गाड्या सगळ्या जिल्ह्यांत असतात. पण जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं होतं, आणि ही गाडी गळ्यापर्यंत बुडून आलेली आहे याबद्दल मला शंका उरली नाही.

पुराच्या गाडीचं दुखणं असं की ती आज चालते. पाणी वायरिंगच्या जोडांत शिरलेलं असतं, ते हळूहळू हिरवं पडतं. मग एके दिवशी भर घाटात गाडी बंद पडते, आणि मागच्या सीटवर न चालता येणारी बाई.

विकणारा म्हणाला, ‘‘काका, तुमचा गैरसमज होतोय.’’ मी मागच्या वर्षांच्या विमा पॉलिसी मागितल्या. ही युक्ती लक्षात ठेवा. क्लेम केला नाही तर नो क्लेम बोनस वीस टक्क्यांपासून चढत पन्नासपर्यंत जातो. मालक तोच असून बोनस मध्येच शून्यावर आला असेल, तर त्या वर्षी काहीतरी घडलं आहे. त्याच्याकडे पॉलिसी फक्त चालू वर्षाची होती. भाच्याचा चेहरा उतरला. वीस हजारांतले आठ हजार कसेबसे परत मिळाले. बारा हजार गेले. परतताना तो म्हणाला, ‘‘मामा, गाळ तरी थोडासाच होता ना?’’ गाडी मनात भरली की माणूस असं बोलतो. मीही बोललो असतो.

दुसरी गाडी महिन्याने मिळाली. 2015 ची पेट्रोल, एका निवृत्त शिक्षकांची. बंपरला ओरखडे, एक दार चेपलेलं, काटा ब्याऐंशी हजारांवर. मी आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं, ‘‘सर, सकाळी गाडी सुरू करून ठेवू नका.’’ गेल्यावर आधी बॉनेटला हात लावला, थंड होतं. गार इंजिन एका चावीत सुरू झालं, निळा धूर नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं नाही. मग चढावर चौथ्या गिअरमध्ये दाबून पाहिलं. इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही असं झालं तर क्लच गेला समजा. इथे तसं नव्हतं. सरांकडे सर्व्हिसची बिलं दोऱ्याने बांधून ठेवलेली होती. त्या गठ्ठ्यासाठी मी दहा हजार जास्त द्यायला सांगितलं असतं, पण ते भाच्याला कळू दिलं नाही.

सौदा चार लाख पंच्याहत्तर हजारांना ठरला. उरलेले पैसे टायर, बॅटरी आणि ब्रेकसाठी राखून ठेवले. पाच लाखांत पाच लाखांची गाडी घेऊ नये. कर्जाचा बोजा फिटला होता, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच होतं. ते फॉर्म 35 आणि बँकेच्या ना हरकत पत्राने उतरवून घेतलं, मगच पूर्ण पैसे दिले. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं, असा नियम आहे. ‘बघू नंतर’ म्हणून कागद कपाटात ठेवणारे पुष्कळ. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अपघाताची भरपाई नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्याकडूनच घेतली जाईल. मी सरांना हे सांगितलं, तर ते स्वतःच आरटीओत आमच्यासोबत आले.

घरी आल्यावर शेवटची रांग पाडली आणि खुर्ची आत सरकवली. शेजारी दोन पिशव्या राहिल्या, वर छत्रीही. ताई मधल्या सीटवर बसली, पट्टा ओढून पाहिला आणि मला म्हणाली, ‘‘हा स्वच्छ आहे ना रे?’’