नुसतं ‘भारी’ नको

चिखल्याच्या, म्हणजे मँगनीज खाणीच्या गावच्या माझ्या मामेभावानं मारिओच्या ट्यूनला ढोलकी लावून रिमिक्स पाठवला. मी लिहिलं, ‘भारी!’ रिप्लाय आला, ‘दादा, तू आयकलं तरी का?’ लागलं मनाला.

हेडफोन लावून परत ऐकला. १९८५ साली कोजी कोंडोनं ही धून केली, तेव्हा त्या कन्सोलवर सुरांसाठी तीनच चॅनल होते, त्यातला एक खर्जाला. म्हणून प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. इथं चाळिसाव्या सेकंदाला ढोलकीचा घुमारा खर्जाला झाकत होता. तेच लिहिलं: ‘तिथं ढोलकी कमी कर. सुरुवातीचा ठेका मात्र हलवू नको.’

रात्री नवं व्हर्जन आलं. धून मोकळी झाली होती.

तुम्हीपण सेकंद सांगा, कारण सांगा, काय ठेवायचं तेही सांगा. भेटू पुढच्या एपिसोडला!