पहिल्या तीस एकरांची गोष्ट

मागच्या बैठकीत सातबाऱ्यावर बाईचं नाव लावायचा विषय निघाला, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "नाव नसलं म्हणून काय, राबतो तर आम्हीच ना!" त्यावरून आज एक लांबची गोष्ट सांगते. ऑस्ट्रेलियाची, सव्वादोनशे वर्षांपूर्वीची.

जेम्स रूस हा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा शेतकरी गडी. चोरी केली म्हणून आधी फाशीची शिक्षा झाली, मग ती बदलून सात वर्षं काळ्या पाण्याची. १७८८ साली कैद्यांच्या पहिल्या जहाजांतून तो सिडनीला उतरला. तिथं अन्नाचे हाल. सरकारी कोठीतून शिधा मिळायचा, तोही कमी कमी होत चाललेला. होती नव्हती ती बहुतेक गुरं पहिल्याच वर्षी रानात निघून गेली. एक माणूस शेतीवर पोट भरू शकतो का, हे पाहायला गव्हर्नर फिलिप यांनी १७८९ मध्ये पॅरामाटाजवळ रूसला थोडी जमीन, झोपडी, अवजारं, बियाणं आणि कोंबड्या-डुकरं दिली.

पुढच्या वर्षी एलिझाबेथ पेरी आली, तीही शिक्षा होऊनच. ५ सप्टेंबर १७९० ला दोघांचं लग्न झालं. काही आठवड्यांनी वॉटकिन टेंच नावाचा अधिकारी शेत बघायला गेला आणि रूसचं बोलणं त्यानं लिहून ठेवलं. झाडं तोडून जाळली, राख मातीत खणून मिसळली, ढेकळं फोडली, गवत उलटून गाडलं, जमीन उन्हात तापू दिली, पेरणीआधी पुन्हा खणली. बैल नाही, नांगर नाही, सगळं कुदळीवर. शेणखत नाही म्हणून काड आणि जे जे कुजेल ते खड्ड्यात पुरायचा बेत. (आपला उकिरडाच की हो!) रात्री चोर पीक कापून नेत. सरकारनं दिलेला मदतनीस गडी काढून घेतला होता. आता मदतीला बायकोशिवाय कोणी नाही, ती कष्टाळू आहे, असं रूसनं सांगितलं. तिच्याबद्दल तेवढंच.

१७९१ च्या फेब्रुवारीत रूसनं कळवलं, मला आता सरकारी शिधा नको. म्हणून ३० एकर जमीन त्याच्या नावे झाली. त्या वसाहतीतली अशी पहिली.

पण ती जमीन रिकामी नव्हती बरं का. पॅरामाटा हे नावच तिथल्या मूळच्या बुरामाट्टागल लोकांवरून आलेलं. पुढं १७९३ मध्ये रूसनं ती ३० एकर एका डॉक्टरला ४० पौंडांना विकली आणि दोघं हॉक्सबरी नदीकाठी गेले. तिथं धारुग लोकांच्या बाया गाळाच्या मातीतून रानकंद काठीनं खणून काढत. तेच कंदांचे पट्टे मोडून गोऱ्यांनी मका लावला. मग त्या लोकांनी मक्याची कणसं नेली, तर त्यांना चोर म्हणून गोळ्या घातल्या. स्वतः चोरीची शिक्षा भोगलेली माणसं होती ही! हे सोडून रूसची गोष्ट सांगणं मला बरं वाटत नाही.

नदीनं दिलं तसं महापुरांनी नेलंही. १८२८ च्या खानेसुमारीत हा पहिला जमीनदार मिंटोला दुसऱ्याच्या शेतावर मुकादम म्हणून दिसतो. १८३६ साली एलिझाबेथ वारली. पुढच्या वर्षी, ५ सप्टेंबरला, म्हणजे लग्नाच्याच तारखेला, रूस गेला.

कॅम्पबेलटाउनच्या दफनभूमीत त्याचा दगड होता. अक्षरं त्यानंच कोरली म्हणतात. स्पेलिंगच्या चुका भरपूर. आईनं मायेनं वाढवलं, माझ्यासाठी खूप खस्ता खाल्ल्या, आणि या मुलखात पहिलं धान्य मी पेरलं, अशा अर्थाच्या ओळी आहेत. तशी सरकारी शेतात पेरणी त्याच्या आधीच झाली होती, पण म्हाताऱ्याचा अभिमान समजू शकतो. त्या ओळींत आई आहे, देव आहे. एलिझाबेथ नाही.