श्रेणींच्या ठेवी आणि आजचे व्यवसायसंघ

जुन्नरभोवतालच्या डोंगरांतील लेणी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. तेथील एका शिलालेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याचे कोरले आहे. दुसऱ्यात बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचा उल्लेख येतो. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील लोकांचा संघ. सभासदांचे हित पाहणे आणि परक्याची धर्मादाय ठेव सांभाळणे ही दोन्ही कामे सुमारे १९०० वर्षांपूर्वी एकच संस्था करीत असे. आज जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील व्यापारी, वकील वा डॉक्टर संघ स्थापून त्यालाच एखादा शिष्यवृत्तीनिधी जोडतात, तेव्हा ते नवे काही करीत नाहीत. अडचणही जुनीच आहे: हे दोन खिसे वेगळे राहावयाचे कसे?

याचे उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यात सापडते. जुन्नर व नाशिक ही दोन्ही तेव्हा क्षत्रप नहपानाच्या सत्तेखाली होती. त्याच्या अयम नामक अमात्याचा ४६ व्या वर्षाचा लेख मानमोडीच्या डोंगरात आहेच. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेविले. पैकी २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज २४० होते. वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे, तेही २४०च. हिशेब कोणीही बोटांवर करून पाहावा! शिवाय ही सर्व व्यवस्था निगमसभेत जाहीर करून रीतीप्रमाणे फलकावर नोंदविली होती.

मला यातील सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. पैसा विणकरांकडे, लाभ भिक्षुसंघाचा. व्याज थकले तर विचारणारा मनुष्य श्रेणीबाहेरचा होता.

आपल्या संघांत नेमके हेच नसते. कार्यकारी मंडळातील पाच-सहा गृहस्थच धर्मादाय शाखेचे विश्वस्त असतात; सभागृहाचे छप्पर गळू लागले की निधीतून ‘तात्पुरती’ उचल होते, आणि देणारा व घेणारा एकच असल्यामुळे तगादा कोणी लावीत नाही. अप्रामाणिकपणा असावाच लागतो असे नाही; संकोच पुरेसा होतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमान्वये लेखापरीक्षण करावे लागते, विश्वस्त बदलले तर धर्मादाय कार्यालयास कळवावे लागते. तथापि गरजू विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती यंदा का मिळाली नाही, हा प्रश्न कोणताही कायदा सभेत उभा राहून विचारीत नाही.

यास्तव निदान निम्मे विश्वस्त कार्यकारी मंडळाबाहेरचे असावेत. त्यांत ज्या शाळेस मदत जाते तेथील एखादे शिक्षक अवश्य असावेत. निधीचे बँकखाते वेगळे असावे, आणि त्याचा हिशेब वार्षिक सभेत निवडणुकीपूर्वी वाचला जावा, नंतर नव्हे. कारण निवडणूक आटोपली की मंडळी चहाकडे वळतात.

बाहेरची माणसे घेतली तर सभा लांबतात, अशी तक्रार कानी येते. लांबतात खऱ्या. गोवर्धनच्या विणकरांनाही वर्षावास जवळ आला की कोणीतरी दाराशी येणार, हे ठाऊक असेलच.