वास येतो कुठून?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पंचवीस वर्षांचा आनंदसोहळा चालू आहे आणि मला विषय मिळालाय ड्रेनेजच्या वासाचा! कार्यकारिणीतल्या एका वहिनी म्हणाल्या, "काका, गाणी, नाच, सत्कार सगळं आहे. पण मे महिन्यात पॅसेजमध्ये जो वास सुटतो, त्यावर कुणीतरी बोलायलाच हवं." माझी सगळी नोकरी मलनिःसारणाच्या कामात गेली, त्यामुळे हा मान माझ्याकडे आला. विषय नाकाला रुमाल लावण्यासारखा असला, तरी अवघड नाही.

पहिली गोष्ट. ड्रेनेजच्या पाइपात वायू तयार होणारच, तो कुणाला थांबवता येत नाही. तो वर गच्चीवरून निघून जावा, घरात येऊ नये, एवढंच आपल्या हातात असतं. घरात वास आला, याचा अर्थ मधलं दार कुठेतरी उघडं राहिलंय. आणि हे दार पाण्याचं असतं.

बाथरूमची जाळी उचलून बघा. खाली वाटीसारखा भाग दिसेल. प्लंबर त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीघरातली न्हाणी ती हीच. त्यात साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाणी कायम साठून राहतं. कमोडच्या वळणात आणि बेसिनखालच्या वाकड्या पाइपातही असंच पाणी असतं. सांडपाणी त्यातून खाली जातं, पण खालची हवा वर येऊ शकत नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली अशा वळणदार पाइपाच्या शौचकूपाचं पेटंट घेतलं. अडीचशे वर्षं झाली, तरी आजही आपलं काम त्याच युक्तीवर चाललंय.

आता हे दोन इंच पाणी जातं कुठे?

एक, ते सुकतं. आपल्याकडे काही फ्लॅट वर्षातले सहा महिने बंद असतात. कुणी मुलांकडे परदेशी, कुणी मे महिन्यात गावी. उन्हाळ्यात ट्रॅप कोरडा पडतो आणि बंद फ्लॅटमधला वास दाराच्या फटीतून पॅसेजमध्ये येतो. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक इथेच आहे. उपाय काय? गावाला निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि वर दोन चमचे खाण्याचं तेल सोडा. तेलाचा थर पाण्यावर तरंगतो आणि पाणी उडून जायला वेळ लागतो. लांब मुक्काम असेल, तर किल्ली शेजारी ठेवा आणि महिन्यातून एकदा पाणी ओतायला सांगा. घरातली दुसरी बाथरूम वापरात नसेल, तिथेही हेच करा.

दोन, ते खेचलं जातं. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला की पाणी पाइपातून जोरात खाली येतं आणि मागे हवा ओढून घेतं. ही हवा गच्चीवरच्या व्हेंट पाइपातून मिळायला हवी. व्हेंट तुंबलेला असेल, तर ती तुमच्या ट्रॅपमधून ओढली जाते. गुडगुड आवाज येतो तो याचाच. मागे वास येतो. म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड टाकताना व्हेंट झाकला जाणार नाही, हे बघा. त्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. पारवे, काडीकचरा आत जात नाही आणि टाकीतले डासही बाहेर पडत नाहीत. जाळी पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, अशी दोनदा तपासावी.

तीन, बाजूची वाट. वॉशिंग मशीनचा पाइप जाळी काढून नुसता आत खोचलेला असतो. एसीच्या पाण्याची नळी कधीकधी थेट ड्रेनेजच्या पाइपाला जोडलेली असते, मग बेडरूममध्ये वास येतो आणि आपण एसीवाल्याला बोलावतो! मशीनच्या पाइपाभोवती रबरी बूच बसवून घ्या. एसीची नळी ड्रेनेजला थेट जोडू नका, तिचं पाणी जाळीवर उघडं पडू द्या.

चार, नूतनीकरण. नव्या टाइल्स बसवताना ट्रॅप काढून साधा एल्बो टाकला, की दार कायमचं उघडं! टाइल्स चिकटवण्याआधी ट्रॅप आहे का ते डोळ्यांनी बघा आणि फोटो काढून ठेवा.

आणि एक सावधगिरी. वास आला की आपण डांबरगोळ्या टाकतो, बाटलीभर फिनाईल ओततो. त्याने वास तासभर झाकला जातो, वाट तशीच राहते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीही एकत्र वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

आता पार्किंगखालच्या टाकीकडे येतो. ही सोसायटी झाली तेव्हा या भागात नगरपालिकेची लाइन नव्हती, म्हणून आपली सेप्टिक टाकी आहे. तिच्यात तीन थर असतात. तळाला गाळ, मध्ये पाणी आणि वर सायीसारखा तवंग. हवेशिवाय जगणारे जिवाणू गाळ पचवत राहतात, पण पूर्ण पचवत नाहीत. गाळ वाढत गेला की पाण्याला निवळायला जागा उरत नाही, घाण पुढे जाते, चेंबर तुंबतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी सक्शन टँकर बोलवून गाळ काढायचा. सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू, उरलेलं तेल, चहाचा चोथा या गोष्टी ड्रेनेजमध्ये गेल्या नाहीत, तर टाकीचं आयुष्य वाढतं. आणि ॲसिडचा रोज मारा केला तर ते जिवाणूच मरतात.

इथपर्यंतच्या गोष्टी आपल्या सोयीच्या होत्या. यापुढची गोष्ट जिवाची आहे.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे खोलगट जागेत बसून राहतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच बधिर होते. म्हणजे सर्वांत धोक्याच्या वेळी वास येणं बंद होतं! "झाकण तासभर उघडं ठेवलंय, आता वास नाही, उतर," असं म्हणणं किती घातक आहे, ते यावरून कळेल. एक माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

कायदाही स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय आणि सुरक्षेच्या व्यवस्थेशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलंय. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण मी दंडाची भीती घालायला उभा नाही. टँकरवाला जास्त पैसे सांगतो, दोन माणसं बादली-दोरी घेऊन स्वस्तात करून देतात, असा हिशेब मीटिंगमध्ये निघतो. ती दोन माणसंही कुणाच्या तरी घरी संध्याकाळी परत जायची असतात. कचरा आपल्या सगळ्यांच्या घरातला आणि जीव मात्र त्यांचा, हा हिशेब आपल्याला कसा चालेल?

म्हणून माझी कार्यकारिणीला विनंती आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तीन ठराव घ्या आणि इतिवृत्तात नोंदवा. टाकीत कुठल्याही कारणाने माणूस उतरणार नाही, काम मशीननेच होईल. टँकरचा खर्च दर महिन्याच्या मेंटेनन्समधून थोडा थोडा वेगळा काढून ठेवायचा, म्हणजे ऐनवेळी स्वस्ताचा मोह होणार नाही. आणि गाळ कधी काढला, व्हेंटची जाळी कधी बघितली, याची एक वही ऑफिसात ठेवायची.

मुलांनो, टाकीच्या झाकणावर क्रिकेटचे स्टंप लावू नका, एवढं तुमच्यासाठी. बाकी ज्यांच्या बाथरूममध्ये गुडगुड होते त्यांनी मला रविवारी सकाळी हाक मारावी. चहा मिळाला तर बॅटरी घेऊन मी हजर आहे.